हरितगृहातली हवा

रोपं लावायच्या आधी आठ दिवस आमच्या शाळेचं हरितगृह रिकामं उभं होतं. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, मध्यभागी तीन मीटर उंच. पाइपांच्या कमानी, त्यावर २०० मायक्रॉन जाडीचा पारदर्शक पॉलिथिनचा कागद, दोन्ही बाजूंना गुंडाळून वर घ्यायचे पडदे, पडद्यांच्या आत बारीक कीटकरोधक जाळी आणि छताला एक लांबट झडप. बांधणीबद्दल याहून जास्त सांगत नाही, कारण आमची खरी गोष्ट सुरू झाली ती एका तापमापकापासून.

सातवीच्या मुलांनी तो मधोमध टांगला. उन्हात टांगलेला तापमापक हवेचं तापमान दाखवत नाही, तो स्वतःच तापतो. म्हणून त्यावर पुठ्ठ्याचं छप्पर केलं. पडदे बंद, झडप बंद. सकाळी अकरा वाजता बाहेर २९ अंश सेल्सिअस, आत ४७. आत शिरलेली मुलं मिनिटभरात बाहेर आली.

"बाई, ऊन तर दोन्हीकडे सारखंच. मग आत एवढं का तापतं?"

मी वर्षानुवर्षं देत आले तेच उत्तर दिलं. सूर्यप्रकाश कागदातून आत येतो, जमीन तापते, तापलेली जमीन अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, सोडते आणि ते बाहेर जाऊ शकत नाहीत, अडकतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र म्हणाली, "पण पुस्तकात काच अडवते असं लिहिलंय. आपल्याकडे काच कुठाय?"

तिचं म्हणणं खरं होतं. साधा पॉलिथिनचा कागद अवरक्त किरणांना फारसा अडवत नाही, बरेचसे त्यातून पार निघून जातात. मग आमचं घर तापलं कसं? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या करून बघू," एवढंच म्हणाले.

हा प्रश्न जुना आहे. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या होत्या. एकीवर काच होती, दुसरीवर सैंधवासारख्या खनिज मिठाची पारदर्शक पाटी. काच अवरक्त किरण अडवते, मिठाची पाटी जाऊ देते. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. आम्ही मिठाच्या पाटीऐवजी पॉलिथिन वापरलं. थर्माकोलच्या तीन सारख्या पेट्या, आत काळा कागद, प्रत्येकीत एक तापमापक. पहिली उघडी, दुसरीवर काच, तिसरीवर पॉलिथिन. अर्ध्या तासाने उघड्या पेटीत ३६ अंश, काचेखाली ५८, पॉलिथिनखाली ५६. काचेचा थोडा फायदा दिसला, पण मोठा फरक उघड्या आणि झाकलेल्या पेट्यांमध्ये होता. मग त्याच मुलीने पॉलिथिनमध्ये तीन बोटं जातील एवढी फट पाडली. दहा मिनिटांत तिथला पारा ४६ वर आला.

म्हणजे मुख्य कारण हवा हेच होतं. उघड्यावर जमिनीलगतची हवा तापली की हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. हा पंखा दिवसभर चालू असतो, आपल्याला तो दिसत नाही इतकंच. आम्ही वर छप्पर घातलं आणि तो बंद पाडला. अवरक्त किरणांचाही वाटा असतो, विशेषतः निरभ्र रात्री. तेव्हा पॉलिथिनचं घर काचेच्या घरापेक्षा लवकर गार पडतं. पण दिवसाच्या उष्म्याचं मुख्य कारण कोंडलेली हवा. (पृथ्वीच्या 'हरितगृह परिणामा'चं मात्र वेगळं आहे. वातावरणाला छप्पर नाही, तिथे खरोखरच कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ अवरक्त किरण शोषून घेतात. नाव एकच पडल्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. माझाही इतकी वर्षं होत होता.)

त्या दिवसापासून आमच्या फळ्यावर एक वाक्य कायमचं राहिलं: बाहेर हवा जे फुकट करते, ते आत आपल्याला करायचं आहे. पुढच्या चार महिन्यांत या एका वाक्याने आम्हाला किती ठिकाणी अडवलं ते सांगते.

आधी झडप. मुलांनी फक्त बाजूचे पडदे उघडले, तेव्हा आतलं तापमान ३८ पर्यंत उतरलं आणि तिथेच अडलं. छताची झडप उघडल्यावर ३३. पातळ कागदाच्या पट्ट्या दोऱ्याला बांधून झडपेत आणि पडद्याशी लटकवल्या, तर झडपेतल्या पट्ट्या बाहेरच्या दिशेने फडफडत होत्या आणि पडद्याशी असलेल्या आत ओढल्या जात होत्या. गरम हवा वरून निघते आणि खालून गार हवा ओढून घेते. चुलीच्या धुराड्याचं कामही असंच चालतं. ज्यांना छोटं हरितगृह करायचंय त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगेन: छताला उघडझाप ठेवा, आणि ती भरपूर ठेवा. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाइतकी असली तरी जास्त होत नाही.

रोपांचा भाग सरळ गेला. ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) टोमॅटोचं बी सहाव्या-सातव्या दिवशी उगवलं, चार आठवड्यांनी रोपं पिशव्यांत गेली. टोमॅटोची ३० झाडं, काकडीचे ८ वेल. ठिबकच्या नळ्या, प्रत्येक पिशवीत एक ड्रिपर, पाण्यात विरघळणारी खतं. प्रत्येक झाडाला नंबर आणि प्रत्येक नंबराला एक मूल. सुतळीवर चढवणं आणि बगलफूट खुडणं मुलं दोन दिवसांत शिकली.

झाडं छातीएवढी झाली तेव्हा वहीतल्या नोंदींत एक गंमत दिसली. तसंच कडक ऊन, तसेच उघडे पडदे, तशीच उघडी झडप, आणि तरी आतलं तापमान रिकाम्या घरापेक्षा चार-पाच अंशांनी कमी. झाडंच घर गार करत होती. पानांच्या पर्णरंध्रांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, पाण्याची वाफ बाहेर पडते आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. आमची झाडं दिवसाला ३० लिटरहून जास्त पाणी पीत होती आणि त्यातलं जेमतेम दोन-तीन टक्के स्वतःच्या अंगात ठेवत होती. बाकीचं सगळं हवेत.

पण हवेत गेलेलं ते पाणी जातं कुठे? याचं उत्तर आम्हाला एका पहाटे मिळालं. थंडी पडली म्हणून संध्याकाळी लवकर सगळं बंद केलं होतं. सकाळी सातला आत गेलो तर छतावर थेंबांची दाटी झालेली आणि ते पानांवर टपटपत होते. आठवड्याभरात खालच्या पानांवर आणि एका खोडावर राखाडी बुरशी आली.

मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. ३० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, १५ अंशांची फक्त १३ ग्रॅम. मुलांनी हिशेब केला. संध्याकाळी ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे २० ग्रॅम वाफ कोंडली आणि रात्री ती हवा १५ अंशांवर आली, तर सात ग्रॅम पाणी हवेला टाकावंच लागणार. आमच्या घरात ६० घनमीटर हवा. म्हणजे ४२० ग्रॅम, जवळजवळ अर्धा लिटर, आणि ते रोपांच्या डोक्यावर! शिवाय रात्रभर पिशव्यांतून आणि पानांतून भर पडतेच. त्यानंतर आम्ही दुपारी तीननंतर पाणी देणं थांबवलं, जमिनीवर कागद अंथरला, खालची पानं काढली आणि संध्याकाळी बंद करण्याआधी पंधरा मिनिटं झडप पूर्ण उघडून आतली दमट हवा बाहेर जाऊ दिली. थोडी ऊब त्याबरोबर गेली, ते मान्य. बुरशी मात्र पुढे सरकली नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. टोमॅटोला पिवळी फुलं आली आणि गळायला लागली. देठाच्या सांध्याशी पिवळी पडून अलगद खाली. कीड नव्हती. तापमान ठीक होतं. दिवसा ३२ अंशांच्या फार वर गेलं तर टोमॅटोचे परागकण निकामी व्हायला लागतात, पण आम्ही त्याखाली होतो. एका मुलाने फूल उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. टोमॅटोचे पुंकेसर एकमेकांना चिकटून एक बंद नळकांडं बनवतात, परागकण त्या नळकांड्याच्या आतल्या बाजूला सुटतात आणि स्त्रीकेसर मधोमध असतो. दोघं एकाच फुलात, एकमेकांच्या शेजारी. फक्त कुणीतरी हलवायला हवं. उघड्यावर वारा हलवतो, काही रानमाश्या फुलाला लटकून अंग थरथरवतात. आमच्याकडे वारा नव्हता, आणि किडी येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीने माश्याही बाहेर ठेवल्या होत्या.

मोठ्या हरितगृहांत यासाठी बंबलबी जातीच्या गुबगुबीत माश्यांच्या पेट्या ठेवतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी युरोपात ही पद्धत सुरू झाली. त्याआधी माणसं हातात कंपन करणारी काठी घेऊन रांगांमधून फिरायची. मधमाशीला हे जमत नाही. बंबलबी पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवते, सेकंदाला काहीशे वेळा. हे मी सांगत असताना एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, प्रयोगशाळेत नादकाटा आहे. २५६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५६ वेळा थरथरणारा."

त्याने नादकाटा रबराच्या ठोकळ्यावर आपटला, फुलाच्या देठाला टेकवला. खाली दुसऱ्याने काळा कागद धरला होता. कागदावर काही दिसेना. दुसऱ्यांदा, जरा जोरात. फुलाच्या टोकातून पिवळट पांढऱ्या धुळीची बारीक रेघ खाली आली आणि कागदावर पसरली. कुणी बोललं नाही. मग सगळ्यांनाच नादकाटा हवा होता.

इथेच थोडी आर्द्रतेचीही गोष्ट आली. पहाटे सातला तोच नादकाटा लावला तर धूळ पडत नव्हती. दमट हवेत परागकण गोळा होऊन चिकटून राहतात. दहा ते दोनच्या दरम्यान, आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर आल्यावर, भरपूर पडायची. म्हणून मधल्या सुट्टीची वेळ ठरली. एक दिवसाआड मुलं एकेक घोस हलवायची. नादकाटा एकच होता म्हणून बाकीच्यांना विजेवर चालणारा दातांचा ब्रश दिला. तोही छान चालतो. खरंच याने फळ धरतं का हे कळावं म्हणून १७ आणि १८ नंबरच्या झाडांना लाल चिठ्ठी बांधली: हलवू नये.

काकडीला यातलं काहीच लागलं नाही. आम्ही घेतलेला वाण परागीभवनाशिवाय फळं धरणारा होता, हरितगृहासाठी मुद्दाम तसे वाण निवडतात. कुणी माशी चुकून आत शिरली तर उलट अशी काकडी बियांनी फुगून वाकडी होते. पिवळे चिकट सापळे टांगून पांढरी माशी ही कीड मोजणं एवढंच काम काकडीने आम्हाला दिलं.

फळं धरली. मुलं आनंदात होती. आणि मग एका सोमवारी नऊ झाडांच्या पहिल्या घोसात फळांची बुडं काळी पडलेली सापडली. देठाच्या विरुद्ध टोकाला तपकिरी, चामड्यासारखा खोलगट डाग. वास नाही, बुरशी नाही. कुणी म्हणालं रोग, कुणी म्हणालं फवारा मारू. मी पुस्तक काढलं: कॅल्शियमची कमतरता. मग मी चूक केली. पाण्यात कॅल्शियम नायट्रेट जात होतंच, तरी मी त्याचं प्रमाण वाढवलं. दहा दिवसांनी नवीन फळांचीही बुडं काळी.

मुलांना मी टोमॅटोची एक फांदी कापून दिली, तिला चार पानं आणि लिंबाएवढं एक हिरवं फळ. फांदी लाल शाईच्या पाण्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी पानांच्या शिरा लालभडक होत्या. फळ कापलं तर देठाजवळ जेमतेम गुलाबी छटा, बूड पूर्ण हिरवं.

कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहावर बसून वर चढतं आणि प्रवाह जातो जिथे वाफ होते तिथे. पानांना असंख्य पर्णरंध्रं आहेत, टोमॅटोच्या सालीला जवळजवळ एकही नाही. त्यामुळे कॅल्शियम पानांत जातं आणि तिथेच बसतं. एकदा पानात गेलेलं ते परत फळाकडे येत नाही. फळाच्या वाट्याला थोडं येतं, आणि फळाच्या बुडाला, म्हणजे सगळ्यात शेवटच्या टोकाला, सगळ्यात कमी. नेमकं फळ वेगाने फुगत असताना पाणी तुटलं की तिथल्या पेशींच्या भिंती कच्च्या राहतात आणि कोसळतात. पानांवर कॅल्शियम फवारून फळाला ते मिळत नाही, हेही त्यातूनच समजलं.

मग पाणी कुठे तुटलं? नोंदवही पाहिली. शनिवार-रविवारी शाळा बंद, तेव्हा सकाळी एकदाच टाकी भरून ठिबक चालायचं. सोमवारी सकाळी दोन मुलांनी ताणकाट्यावर पिशव्या तोलल्या. शुक्रवारी ९ किलो भरलेली पिशवी साडेपाच किलोवर आली होती. आणि जी नऊ झाडं आजारी होती त्यांतली सात ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाला होती, जिथे पाण्याचा दाब कमी. खत पुरेसं होतं. ते पोचवणारं पाणीच रोजच्या रोज सारखं पोचत नव्हतं.

टायमर बसवला, दिवसात एकदा भरपूर देण्याऐवजी आठ वेळा थोडं-थोडं. दुपारी बारा ते तीन छतावर ३५ टक्के सावलीची जाळी, म्हणजे पानं सगळं पाणी एकटीच ओढून घेणार नाहीत. काळी पडलेली फळं सुधारत नाहीत, ती तोडून टाकली. चौथ्या घोसापासून एकही काळं बूड दिसलं नाही. या एका आजारात मुलं जेवढं वनस्पतिशास्त्र शिकली, तेवढं मी वर्षभर फळ्यावर शिकवू शकले नसते.

आणखी एक प्रयोग सांगायलाच हवा. एका ओळखीच्यांकडून कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र दोन दिवसांसाठी मिळालं. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. पहाटे बंद घरात यंत्राने ५९० दाखवलं. रात्रभर झाडांनी श्वास सोडला होता. थंडी होती म्हणून पडदे मुद्दाम बंद ठेवले. ऊन चढलं तसा आकडा उतरायला लागला. ५००, ४१०, ३३०. साडेनऊला २६०. मुलं यंत्राभोवती गोळा झाली होती, आणि मी श्वास रोखून बाहेरूनच पाहा म्हणून सांगत होते, कारण एकाने वाकून श्वास सोडला की आकडा उडी मारायचा.

हिशेब मुलांनीच केला. ४२० च्या पातळीला एका घनमीटर हवेत जेमतेम पाऊण ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. ६० घनमीटरमध्ये ४५ ग्रॅम. एक ग्रॅम साखर बनवायला जवळजवळ दीड ग्रॅम वायू लागतो, म्हणजे घरातल्या सगळ्या हवेतून ३० ग्रॅम साखर होईल. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं, तेव्हा १०० ग्रॅमच्या फळात पाच-सहा ग्रॅम कोरडा ऐवज. तीस झाडं, आणि कोंडलेल्या घरातल्या सगळ्या हवेत माल पाच-सहा टोमॅटोंपुरता! झडप उघडली आणि आठ मिनिटांत आकडा ४०० वर गेला. काही मोठ्या हरितगृहांत हा वायू मुद्दाम सोडून पातळी ८०० ते १००० पर्यंत नेतात. आम्हाला झडप पुरली.

पुढे फळं पिकली. छताजवळची काही फळं लाल न होता नारिंगीच राहिली. ३० अंशांच्या वर टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, नीट तयार होत नाही, पिवळं-नारिंगी मात्र होत राहतं. सावलीची जाळी लावल्यावर तेही थांबलं.

शेवटी लाल चिठ्ठीची झाडं. प्रत्येक झाडाचं तिसऱ्या घोसातलं एक फळ तोडून, तोलून, चिरून बिया मोजायच्या असं ठरलं. फळात बिया जितक्या, तितकं ते भरतं. हलवलेल्या झाडांची फळं ८० ते १२० ग्रॅम, बिया दीडशेच्या आसपास. १८ नंबरला फळ लहान, ३१ ग्रॅम, एका बाजूला पोकळ, बिया १९. आणि १७ नंबर? ९४ ग्रॅम. बिया १४२.

वर्गात एकच गलका. कुणी म्हणालं मोजण्यात चूक झाली, पुन्हा मोजलं, १४२ च. कुणी म्हणालं तो झडपेखाली आहे, वाऱ्याने हलला असेल. हे शक्य होतं. मी फळ्यावर लिहिलं. झडपेखालच्या आणखी दोन झाडांशी तुलना करायची का, असा विचार चालू असताना मागच्या रांगेतली ती मुलगी, काचेचा प्रश्न विचारणारी, उठून उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही.

"बाई, मी हलवलं होतं. त्याची फुलं गळत होती ते बघवेना."

"किती वेळा?"

तिने दप्तरातून वही काढली. तारखा लिहून ठेवल्या होत्या, वेळेसकट, नादकाट्याचे ठोकेही. मी तिला खडू दिला. तिने फळ्यावर १७ पुढचं 'हलवलं नाही' पुसलं आणि लिहिलं, 'चार वेळा, मधल्या सुट्टीत'.